पटावर मुली बसल्या तेव्हा

पूर्णा जंक्शन सोडून नांदेडकडे निघालं की चुडावा लागतं. आपल्या या पट्ट्यात पारावर बुद्धिबळाचा पट मांडला की भोवती कोंडाळं जमतं ते पुरुषांचं. जुनी माणसं देशी पद्धतीनं खेळत. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरके आणि शह बसलेला नसेल तर राजाला एकदा घोड्याची चाल मिळे. डाव रंगायचे, बघे चाली सुचवायचे. घरातल्या लेकी मात्र त्या पटापाशी फारशा बसल्या नाहीत. बसल्या असत्या तर कुठवर गेल्या असत्या, हे महाराष्ट्रानं पन्नास वर्षांपूर्वीच दाखवून दिलं आहे.

१९५५ साली एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तेव्हा संयुक्त विजेत्यांपैकी एक आपले रामचंद्र सप्रे होते. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा व्हायला १९७४ साल उजाडलं. बंगळुरूच्या त्या स्पर्धेत मुंबईच्या वासंती खाडिलकर जिंकल्या. पुढची काही वर्षं अजिंक्यपद जणू एकाच घरात नांदलं. वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी सख्ख्या बहिणी. वडील नीळकंठ खाडिलकर ‘नवाकाळ’चे संपादक.

तिघींत धाकटी रोहिणी. १९७६ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, ती पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि गदारोळ उठला. मुलीनं पुरुषांसमोर पटावर बसायचं की नाही, हा प्रश्न थेट उच्च न्यायालयात गेला. निकाल रोहिणीच्या बाजूनं लागला. जागतिक बुद्धिबळ महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष, स्वतः माजी जगज्जेते असलेले मॅक्स युवे, यांनीही निर्वाळा दिला की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांत स्त्रियांना अडवता येणार नाही. माझ्या लेखी मराठी बुद्धिबळातली सर्वांत मोठी चाल हीच. रोहिणीनं पुढे पाच वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं, १९८१ आणि १९८३ साली ती आशियाई विजेती झाली. जयश्री १९७९ साली भारताची पहिली महिला आंतरराष्ट्रीय मास्टर ठरली.

मुंबईत एका घरानं केलं ते सांगलीत एका गुरूनं केलं. भाऊसाहेब पडसलगीकरांनी तिथे नूतन बुद्धिबळ मंडळ उभं केलं, मुलामुलींना शिकवलं आणि वर्षानुवर्षं स्पर्धा भरवल्या. राजधानीपासून दूरच्या गावातून खेळाडू घडतात ते अशा एखाद्या माणसाच्या चिकाटीमुळे. त्यांच्याच तालमीतल्या भाग्यश्री साठे पाच वेळा राष्ट्रीय विजेत्या झाल्या आणि १९९१ साली आशियाई विजेत्याही. ग्रँडमास्टर प्रवीण ठिपसे हे त्यांचे यजमान. अनुपमा अभ्यंकर, म्हणजे पुढच्या अनुपमा गोखले, यांनीही पाच राष्ट्रीय अजिंक्यपदं जिंकली आणि १९८६ साली, शाळकरी वयातच, त्यांना पद्मश्री मिळाली.

या सगळ्यांच्या खांद्यावर उभी आहे नागपूरची दिव्या देशमुख. आईवडील दोघंही डॉक्टर. जॉर्जियातल्या बाटुमी शहरात २०२५ चा महिला विश्वचषक झाला. तिला तिथे पंधरावं मानांकन होतं. वाटेत तिनं चीनची झू जिनेर, आपली हरिका आणि माजी जगज्जेती तान झोंगयी यांना बाहेर काढलं. अंतिम फेरीत समोर कोनेरू हम्पी होती. दिव्या जन्मलीही नव्हती तेव्हा हम्पी ग्रँडमास्टर झाली होती! संथ वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. २८ जुलैला जलद डाव झाले; पहिला पुन्हा बरोबरीत. दुसऱ्यात काळ्या सोंगट्या दिव्याकडे, दोघींच्याही घड्याळात वेळ संपत आलेला. अशा वेळी डोक्याइतकंच काळीज लागतं. हम्पी चुकली, दिव्यानं ती चूक सोडली नाही आणि डाव जिंकला. नंतर आईच्या गळ्यात पडून ती रडली, ते आपण सगळ्यांनी पाहिलं.

ग्रँडमास्टर व्हायला एरवी ठरावीक दर्जाची कामगिरी तीन स्पर्धांत करावी लागते आणि २५०० गुणांकन गाठावं लागतं. दिव्या बाटुमीला गेली तेव्हा त्या तीनपैकी एकही कामगिरी तिच्या नावावर नव्हती. विश्वचषकाच्या विजेतीला किताब थेट मिळतो, म्हणून एकोणिसाव्या वर्षी ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. महिलांत चौथी.

मुलांच्या बाजूनंही महाराष्ट्र मागे नाही. नाशिकचा विदित गुजराथी २०२४ साली बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. त्याच ऑलिंपियाडमध्ये भारतीय महिलांनीही सुवर्ण जिंकलं, आणि त्या संघात दिव्या होती.

बुद्धिबळाला मैदान लागत नाही, महागडं साहित्य लागत नाही. चौसष्ट घरांचा पट, बत्तीस सोंगट्या आणि शिकवणारं एक माणूस लागतं. दिव्या, भाग्यश्री, रोहिणी यांची नावं आपल्या मुलींच्या कानावर पडायला हवीत. चुडाव्याच्या, पूर्ण्याच्या, आजूबाजूच्या प्रत्येक गावातल्या शिक्षकांना आणि पालकांना माझं एवढंच सांगणं आहे: शाळेत पट मांडा, मुलीला मुलासमोर बसवा, आणि पहिली चाल तिला करू द्या.