लेकरांच्या क्लाससाठी कर्ज काढण्याआधी



आज बोलायचं आहे ते शिकून घरी बसलेल्या आपल्या मुला-मुलींबद्दल. हा विषय बचत गटाचा कसा, असं कुणाला वाटेल. पण आपल्या गटाची कर्जाची वही उघडून बघा. पूर्वी कर्जाचं कारण काय असायचं? बी-बियाणं, शेळी, दवाखाना, लग्न. आम्ही भूम-परांडा भागात गटांचं काम बघतो. आमच्याकडच्या वह्यांमध्ये आता आणखी तीन कारणं दिसायला लागली आहेत: भरतीच्या परीक्षेचे फॉर्म, क्लासची फी आणि नोकरी लावून देणाऱ्या कोर्सची फी. म्हणजे शंभर-दोनशे रुपयांनी जमवलेली आपली बचत तिकडे चालली आहे. तिथून पदरात काय पडतं, हे समजून घेणं गटाचंच काम आहे.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाकू. मुलगी बी. ए. झाली, दोन वर्षं झाली, नोकरी नाही. मग सगळे म्हणतात, तीच कमी पडली. हे खरं आहे का, ते आकड्यांत बघू. २०२३ साली आपल्या राज्यात तलाठी भरती निघाली. जागा होत्या ४,६४४. अर्ज आले दहा लाखांहून जास्त. भागाकार करा. दोनशे पंधरा जणांमागे एक जागा. त्या दोनशे पंधरा जणांनी सगळ्यांनी रात्रंदिवस अभ्यास केला असता, तरी दोनशे चौदा जण घरीच राहिले असते. फॉर्मची फी होती खुल्या गटाला १,००० रुपये आणि राखीव गटाला ९००. आपल्याकडे खुरपणीला गेलं तर तीन-चार दिवसांची मजुरी झाली ती. आणि मूल वर्षाला असे चार-पाच फॉर्म भरतं.

दुसरा आकडा देशाचा आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांनी २०२४ मध्ये भारतातल्या रोजगारावर अहवाल काढला. त्यात २०२२ सालची तरुणांची बेकारी दिली आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ती शंभरात ३.४ होती. पदवीधर तरुणांत होती २९.१. हे ऐकून शिक्षण वाया गेलं असं समजू नका. ज्याला घरी बसणं परवडत नाही, तो ऊस तोडायला जातो, मिळेल त्या कामाला लागतो आणि मोजणीत कामावर धरला जातो. त्याचं बरं चाललंय असं त्यातून सिद्ध होत नाही. शिकलेलं मूल शिक्षणाला साजेसं काम शोधतं आणि तशी कामं मुलांच्या मानानं फार थोडी आहेत. दोष असलाच तर तो पहिल्यांदा तिथे आहे.

आता मुलांना मिळणाऱ्या सल्ल्यांकडे येऊ. सल्ले देणारे पुष्कळ असतात. त्यातले तीन सल्ले तर प्रत्येक घरात पोचलेले आहेत.

पहिला सल्ला: इंग्रजी सुधार, बायोडाटा चांगला कर, बोलण्यात आत्मविश्वास आण. यात वाईट काही नाही. पण याचा उपयोग कधी? मुलाखतीला बोलावणं आलं तर. एका जागेसाठी शंभर जण रांगेत असतील, तर बायोडाटा सुधारून आपलं मूल रांगेत थोडं पुढे सरकेल. जागा मात्र एकच राहील. शंभर जणांना हाच कोर्स विकला, तर रांग होती तशीच राहते आणि पैसे जातात.

दुसरा सल्ला: कुठेही खासगीत लाग, अनुभव घे. मूल विचारायला जातं तर समोरचा म्हणतो, अनुभव आहे का? अनुभवासाठी नोकरी पाहिजे आणि नोकरीसाठी अनुभव. या फेऱ्यात मुलं वर्षानुवर्षं फिरतात.

तिसरा सल्ला: नोकरी मागू नका, नोकरी देणारे व्हा, धंदा करा. धंद्यासाठी योजना आहेत. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या महिलेला स्वतःचे पाच टक्के भरावे लागतात, ३५ टक्के अनुदान असतं आणि बाकीचं बँकेचं कर्ज. ज्या घरात आधीपासून पिठाची गिरणी, खव्याची भट्टी किंवा शिवणकाम चालू आहे, त्या घराला याचा खरंच उपयोग होतो. पण जिच्याकडे गिऱ्हाईक नाही, माल कुठे विकायचा ते माहीत नाही, तिला धंदा कर म्हणणं म्हणजे बेकारीवर वरून कर्ज चढवणं. एका गावात एकाच वेळी तीस जणींना शिवणकाम शिकवलेलं आम्ही पाहिलं आहे. गावात घरं अडीचशे. तीस शिंप्यांना पुरेल एवढं कापड तिथे येणार कुठून? शिकवणाऱ्यांनी चांगलं शिकवलं, मुली मन लावून शिकल्या. आज त्यातल्या चौघी-पाचजणींची मशीन चालू आहे. बाकीच्या मशिनींवर घड्या घातलेले कपडे ठेवलेले असतात.

इथे प्रशिक्षणाचा हिशोब कसा धरतात तेही सांगायला हवं, कारण ते कुणी समजावून देत नाही. बऱ्याच सरकारी योजनांत शिकवण्याचं काम खासगी संस्थांकडे असतं. किती मुलं बसली, किती पास झाली आणि किती कामाला लागली, यावर त्या संस्थेचं काम मोजलं जातं. ग्रामीण तरुणांसाठी दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना आहे. त्यात शिकलेल्यांपैकी किमान ७० टक्के मुलांना काम मिळवून द्यायची अट आहे. अट चांगलीच आहे. पण ‘काम मिळालं’ कधी म्हणायचं? तीन महिने नोकरी टिकली की. चौथ्या महिन्यात मूल घरी परत आलं, तरी कागदावर ते नोकरीला लागलेलंच असतं.

आणि मुलं परत का येतात? एका मुलीचा हिशोब आम्ही बैठकीत फळ्यावर मांडला होता. पुण्याजवळच्या कारखान्यात तिला काम मिळालं. हातात पगार यायचा १०,८००. खोलीच्या भाड्यात वाटा २,५००. मेस ३,०००. बसला १,०००. मोबाईल, साबण-तेल, औषध मिळून १,२००. महिन्यातून एकदा गावाकडे यायचे ८००. खर्च झाला ८,५००, उरले २,३००. त्यात एक आठवडा रात्रपाळी. ती चौथ्या महिन्यात आली, तेव्हा गावात बोलणं झालं की पोरीला कष्ट नकोत. फळ्यावरचा हिशोब बघितल्यावर बैठकीतल्या बायका म्हणाल्या, एवढ्यासाठी आम्हीही आलो असतो.

२०२४ मध्ये राज्यानं मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्याला महिन्याला ६,०००, आयटीआय किंवा डिप्लोमावाल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये. आधी मुदत सहा महिने होती, पुढे ती पाच महिन्यांनी वाढली. ग्रामपंचायतीत, शाळेत, कार्यालयात आपली मुलं कामाला बसली. काही मुलांनी काम छान उचललं. पण मुदत संपली की काम संपलं. कायम करा म्हणून मुलांना आंदोलनं करावी लागली. अशा योजनेत मूल जात असेल तर जरूर जाऊ द्या, घरात चार पैसे येतात, कामाची ओळख होते. फक्त ही नोकरी लागली असं समजून तिच्या भरवशावर मोठं कर्ज काढू नका, लग्नाची बोलणीही करू नका. पहिल्या दिवशीच मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि शेवटी कामाचा दाखला लेखी मागून घ्या.

आता गटाकडे वळू. मुलाच्या किंवा मुलीच्या कोर्ससाठी कुणी कर्ज मागितलं, तर नकार द्यावा असं आम्ही म्हणत नाही. मंजूर करण्याआधी पाच प्रश्न विचारावेत, एवढंच.

पहिला प्रश्न, पैसे कशाचे? वर सांगितलेली दीनदयाळ योजना फुकट आहे. बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, ज्यांना आपण आरसेटी म्हणतो, तिथलं शिक्षणही फुकट असतं, राहणं-जेवण धरून. या नावांवर कुणी अनामत किंवा नोंदणीचे पैसे मागत असेल, तर तिथेच थांबा.

दुसरा प्रश्न, हमी कागदावर आहे का? तालुक्याच्या गावी एका खासगी क्लासच्या पाटीवर शंभर टक्के नोकरीची हमी लिहिलेली होती. फी १८,०००. आईनं गटातून कर्ज काढलं, दरमहा शेकडा दोन रुपये व्याजानं. म्हणजे पहिल्याच महिन्याचं व्याज ३६०. सही केलेल्या फॉर्मवर मात्र बारीक अक्षरात ‘नोकरीसाठी सहाय्य’ एवढंच होतं. हमी आणि सहाय्य यांत १८,००० रुपयांचं अंतर आहे. फॉर्म घरी आणा आणि शिकलेल्या मुलीकडून बैठकीत मोठ्यानं वाचून घ्या.

तिसरा प्रश्न, मागच्या वर्षी शिकलेली मुलं आज कुठे आहेत? क्लासवाल्याकडे तिघा-चौघांचे नंबर मागा आणि स्वतः फोन करा. पगार हातात किती येतो, राहायची सोय काय, पाळी कोणती, अजून तिथेच आहात का, हे विचारा. नंबर द्यायला कुणी टाळाटाळ केली, तर उत्तर मिळालंच.

चौथा प्रश्न, हे प्रमाणपत्र कुठल्या जाहिरातीत मागितलेलं आहे? सरकारी लिपिक-टंकलेखकाला मराठी टंकलेखन मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजी ४० शब्द लागतं. त्याची परीक्षा पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. असं प्रमाणपत्र जाहिरातीत नावानिशी येतं, त्यावर खर्च केला तर समजण्यासारखं आहे. ज्या प्रमाणपत्राचं नाव कुठल्याच जाहिरातीत नाही, ते भिंतीवर लावण्यापुरतं.

पाचवा प्रश्न, मूळ कागद मागतात का? दहावी-बारावीची, पदवीची मूळ गुणपत्रकं कुणाकडेही ठेवायला देऊ नका. दाखवायची, झेरॉक्स द्यायची, परत आणायची. आणि नोकरी पक्की झाली, आधी पैसे भरा असा फोन आला, तर पैसे पाठवू नका. पाठवून फसगत झालीच, तर लाजेपायी गप्प बसू नका. १९३० या नंबरवर लगेच तक्रार करा. जेवढी लवकर कराल, तेवढे पैसे अडकवून ठेवण्याची शक्यता जास्त.

मग मुलांनी करायचं काय, असं तुम्ही विचाराल. सगळ्यांना पुरेल असं उत्तर आमच्याजवळ नाही आणि तसं कुणी देत असेल तर सांभाळून राहा. पण जिथे थोडं काही जमलेलं दिसलं, तिथे एक गोष्ट सारखी होती: आधी काम दिसलं, मग शिकणं झालं. भूमकडे खव्याच्या भट्ट्या आहेत. तिथल्या बायकांना रोजचं दूध, उधारी आणि व्यापाऱ्याचं येणं यांचा हिशोब ठेवायला आणि अन्न परवान्याचे फॉर्म भरायला माणूस हवं होतं. घरी बसलेल्या एका बी. कॉम. मुलीनं ते धरलं, मग गरजेपुरतं संगणकावर हिशोब ठेवायला शिकली. आज ती चार भट्ट्यांचं आणि दोन गटांचं काम बघते. महिन्याला चार-पाच हजारच होतात, हे लपवायचं कारण नाही. पण ते तिच्या घरी राहून होतात आणि कर्ज एक रुपयाचं नाही. बँकेचे व्यवहार गावात करणारी बीसी सखी, पशुसखी, कृषी सखी या कामांतही शिकलेल्या मुली लागतात. उमेदच्या तालुका कार्यालयात जागा कधी निघते, हे गटानं विचारत राहावं.

शेवटी घरातल्या बोलण्याबद्दल. शिकून काय दिवे लावले, शेजारचीची लागली बघ, हे शब्द रोज कानावर पडले की मूल घरात असून नसल्यासारखं होतं. पाहुणे आले की आतल्या खोलीत जातं. मुलीच्या बाबतीत तर नोकरी नाही म्हणजे आता उजवून टाका, हा निर्णय त्यातूनच निघतो. दोनशे पंधरांत एक जागा असते, हे आपल्याला कळलं आहे. ते घरातल्या माणसांनाही सांगा.

येत्या बैठकीत एवढं करा. गावात पदवी घेऊन घरी असलेली मुलं-मुली किती आहेत, त्यांची यादी करा. नावापुढे पदवी लिहा आणि त्यांना येतं काय, तेही लिहा. गावात कुठलं काम माणसाविना अडलं आहे, ते दुसऱ्या कागदावर लिहा. दोन्ही कागद शेजारी ठेवा आणि त्या मुलांना बैठकीला बोलवा. एखादी जोडी तरी जुळेल. आणि कर्जाच्या अर्जामागे ते पाच प्रश्न आजच लिहून ठेवा.