कोडचं बारसं

मॉड्यूल लिहून झालं, टेस्ट पास झाल्या, आता ते जगासाठी खुलं करायचं. पण नाव काय ठेवायचं? आणि ते नाव तुमचंच राहील याची गॅरंटी काय? ओपन सोर्सच्या दुनियेतला हा नावांचा मामला वाटतो तितका सोपा नाही, बॉस!

शुक्रवारची संध्याकाळ. ऑफिसातली अर्धी जनता लोणावळ्याच्या वाटेला लागलेली. आणि तुम्ही? तारखांचा घोळ चुटकीसरशी निस्तरणारं एक छोटंसं मॉड्यूल लिहून जाम खुशीत! शेजारच्या क्युबिकलमधला मित्र म्हणतो, "अरे, एवढं मस्त केलंयस तर ओपन सोर्सला टाक ना!" तुम्हीही लगेच तयार. अकाउंट उघडता, फॉर्म येतो आणि पहिल्याच रकान्यात गाडी अडते. नाव?

'हेल्पर'? 'युटिल्स'? 'माय-डेट'? की सरळ गर्लफ्रेंडचं नाव ठोकून द्यायचं?

थांबा! आपल्याकडे बाळाचं नाव ठरवताना काय काय होतं ते आठवा. आजीची यादी, मावशीची यादी, राशीचं अक्षर, मग आत्याने कानात सांगितलेलं नाव आणि शेवटी महापालिकेतली नोंद. घरी बारसं आणि सरकारदरबारी दाखला, दोन्ही लागतं. कोडचंही अगदी तसंच आहे. नाव विचार करून ठेवायचं आणि ते नीट नोंदवायचं. यातलं एक जरी हुकलं, तरी पुढे लोचा ठरलेला.

सगळा खेळ नावाचाच

मॉड्यूल म्हणजे तयार कोडचा सुटा तुकडा. कुणीतरी एकदा लिहायचा, बाकीच्यांनी हवा तेव्हा जोडायचा. हे तुकडे ज्या सामायिक कोठारात ठेवले जातात, ती रिपॉझिटरी. पर्ल या भाषेचं कोठार सीपॅन, पायथॉनचं पायपीआय आणि जावास्क्रिप्टचं एनपीएम. सीपॅनवर २ लाखांहून जास्त मॉड्यूल्स आहेत, पायपीआयवर ५ लाखांहून जास्त प्रोजेक्ट्स आणि एनपीएमवर तर २० लाखांहून जास्त पॅकेजेस!

आता गंमत बघा. या कोठारात जाऊन कुणी वस्तू हातात घेऊन पारखत बसत नाही. प्रोग्रामर फक्त नाव टाइप करतो आणि त्या नावाने जे काही येईल ते त्याच्या मशीनवर चालू लागतं. आलेल्या मॉड्यूलला आणखी दहा मॉड्यूल्स लागत असतील, तर तीही नावानेच मागवली जातात. ना फोटो, ना आधार कार्ड. ओळख म्हणजे फक्त नाव! तुम्ही आयटीत नसाल, तरी तुमच्या मोबाइलमधल्या ॲप्सच्या पोटात असे कितीतरी तुकडे बसलेले असतात. म्हणून हा विषय तुमचाही आहे.

आधी आडनाव, मग नाव

या बाबतीत सगळ्यात जुनी आणि शिस्तीची परंपरा सीपॅनची. लॅरी वॉल यांनी पर्ल आणली १९८७ मध्ये. पुढे जगभर विखुरलेली मॉड्यूल्स एका जागी असावीत म्हणून १९९५ मध्ये सीपॅन उभं राहिलं. फिनलंडचे यार्को हिएतानिएमी त्यामागचं मुख्य नाव. अपलोड आणि नोंदणीची व्यवस्था उभी केली आंद्रेआस क्योनिग यांनी. त्या यंत्रणेचं नाव 'पॉज'.

सीपॅनच्या नावांना एक ठरावीक क्रम असतो. आधी घराणं, मग माणूस. 'टेक्स्ट::सीएसव्ही' म्हटलं की कळतं, हे मजकुराच्या घराण्यातलं आणि स्वल्पविरामाने तोडलेल्या फाइली वाचणारं. 'एचटीटीपी::टायनी' म्हणजे वेबवरून पानं आणणारं, पण अंगाने सडपातळ. नाव वाचलं की निम्मी माहिती तिथेच मिळते. पूर्ण लहान लिपीतली नावं, उदाहरणार्थ 'स्ट्रिक्ट', ही खुद्द भाषेला सूचना देणाऱ्या मॉड्यूल्ससाठी राखलेली. आणि निव्वळ टाइमपास करायचा असेल तर? त्यासाठीही वेगळं घराणं आहे, 'अ‍ॅक्मी'! डेमियन कॉनवे यांचं 'अ‍ॅक्मी::ब्लीच' तुमचा अख्खा प्रोग्राम धुऊन कोऱ्या जागांमध्ये बदलतं. फाइल उघडावी तर पांढरीफटक आणि चालवावी तर प्रोग्राम सुरळीत चालतो.

यामागचा फंडा असा, की नाव स्वतःला आवडावं म्हणून ठेवायचं नसतं. नाव शोधणाऱ्याला सापडावं म्हणून ठेवायचं असतं. तुमचं तारखांचं मॉड्यूल 'हेल्पर' नावाने ठेवलंत, तर सहा महिन्यांनी तुम्हालाही सापडणार नाही. शिवाय 'डेट' असं मोठ्ठं, सरसकट नाव एकट्याने अडवून बसणं म्हणजे सोसायटीचं अख्खं पार्किंग आपल्या स्कूटरला घेण्यासारखं.

पाटी कुणाची?

नाव ठरलं. आता नोंदणी. पॉजवर आधी लेखक म्हणून ओळख मागायची असते. ती मिळाली की मॉड्यूल चढवायचं. ते नाव आधी कुणी घेतलेलं नसेल, तर पहिला येईल त्याचा हक्क. मग दुसऱ्या कुणी त्याच नावाचं मॉड्यूल चढवलं तर? फाइल चढते, पण सूचीत लागत नाही. शोधपानावर तिच्यावर 'अनधिकृत' असा ठळक शिक्का दिसतो आणि नावाने मागवणाऱ्याला मूळ मॉड्यूलच मिळतं. कामात हातभार लावणाऱ्याला मूळ लेखक सह-देखभालीचा हक्क देऊ शकतो. लेखकाने फाइल काढून टाकली तरी जुन्या प्रती 'बॅकपॅन' नावाच्या संग्रहात राहतात.

हे सगळं कंटाळवाणं, सरकारी वाटतंय? मग पुढची गोष्ट वाचाच.

११ ओळींचा दणका

मार्च २०१६. अझेर कोचुलू नावाच्या प्रोग्रामरचं एनपीएमवर 'किक' नावाचं एक छोटं पॅकेज होतं. त्याच नावाची एक मेसेजिंग कंपनी होती. कंपनीला ते नाव हवं होतं. कोचुलूने नकार दिला. ट्रेडमार्कची भाषा निघाली आणि शेवटी एनपीएमने नाव कंपनीच्या हवाली केलं. कोचुलूचं डोकं फिरलं. २२ मार्चला त्याने आपली सगळीच्या सगळी २७३ पॅकेजेस काढून घेतली.

त्यात एक होतं 'लेफ्ट-पॅड'. कोड फक्त ११ ओळींचा. काम काय, तर शब्दाच्या डावीकडे रिकाम्या जागा किंवा शून्यं भरून तो ठरावीक लांबीचा करायचा. बस्स! पण 'बेबल'सारखी बडी मंडळी त्यावर टेकलेली आणि त्यांच्यावर हजारो प्रोजेक्ट्स. जगभरातल्या ऑफिसांमध्ये स्क्रीनवर लाल अक्षरं उमटू लागली. एनपीएमला शेवटी लेखकाने काढलेलं पॅकेज स्वतःहून परत ठेवावं लागलं. यात गेले सुमारे अडीच तास. त्यानंतर नियम बदलले. ज्या पॅकेजवर दुसरे अवलंबून आहेत, ते लेखकाच्या मर्जीने असं एका फटक्यात गायब करता येत नाही.

चूक कुणाची, यावर आजही दोन तट पडतात. पण एक गोष्ट साफ झाली. नावाची नोंद हा तीन पार्ट्यांचा मामला असतो. लेखक, कोठार चालवणारे आणि त्या नावावर विसंबलेले अनोळखी लोक. या तिसऱ्या पार्टीला त्या दिवशी कुणी विचारलंच नाही!

एका डॅशचा झोल

आता जरा डेंजर प्रकार. एनपीएमवर 'क्रॉस-एन्व्ह' नावाचं लोकप्रिय पॅकेज आहे. मध्ये डॅश आहे, लक्षात घ्या. २०१७ मध्ये कुणीतरी डॅश गाळून 'क्रॉसएन्व्ह' नावाचं पॅकेज नोंदवलं. घाईत डॅश विसरलात की खेळ खल्लास! काम तर व्हायचं, पण तुमच्या मशीनवरच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स, म्हणजे जिथे बऱ्याचदा पासवर्ड आणि कीज ठेवलेल्या असतात, त्या गुपचूप बाहेर जायच्या. त्या ऑगस्टमध्ये एकाच खात्याची अशी सुमारे ४० पॅकेजेस एनपीएमने उडवली. हॉटेलच्या पाटीत एक काना बदलून गिऱ्हाईक पळवण्याचाच हा प्रकार, फक्त इथे गिऱ्हाइकाचा खिसाही कापला जातो.

पायपीआयने यावर थोडा तोडगा काढलाय. तिथे लहान-मोठी लिपी, डॅश, अंडरस्कोअर आणि टिंब यांत फरक धरलाच जात नाही. काही लेखक स्वतःही सावध असतात. पायथॉनचं 'ब्युटिफुल सूप' मिळतं 'ब्युटिफुलसूप४' या नावाने, पण कोडमध्ये लिहितात 'बीएस४'. लोक चुकून तेच नाव मागवणार, हे ओळखून लेखकाने 'बीएस४' नावाचं एक डमी पॅकेजही नोंदवून ठेवलंय. नावाभोवती कुंपण!

मराठी नाव ठेवायचा विचार असेल तर आणखी एक गोष्ट. या कोठारांत देवनागरी चालत नाही, नाव रोमन लिपीतच द्यावं लागतं. आता 'ज्ञान' घ्या. आपण डी-एन-वाय लिहिणार, हिंदीवाला जी-वाय लिहिणार आणि संस्कृतवाला जे-एन. एका नावाची तीन स्पेलिंगं, म्हणजे दोन दारं सताड उघडी! त्यापेक्षा 'डबा', 'रंग', 'चाळ' अशी कसंही लिहिलं तरी फारसं न बिघडणारी नावं बरी.

घरचं नाव घरातच

कंपन्यांमध्ये आतल्या वापरापुरती मॉड्यूल्स असतात. त्यांची नावं कुठेच नोंदवलेली नसतात, कारण ती बाहेर जायचीच नसतात. पण समजा, तेच नाव बाहेरच्या कोठारात कुणी नोंदवलं तर? फेब्रुवारी २०२१ मध्ये अ‍ॅलेक्स बिरसान या सुरक्षा संशोधकाने हे करूनच दाखवलं. त्याने बड्या कंपन्यांची आतली नावं शोधली आणि त्याच नावांची पॅकेजेस जास्त मोठ्या व्हर्जन नंबरने बाहेर ठेवली. कंपन्यांच्या यंत्रणांना वाटलं, अरे वा, नवीन आवृत्ती आली! आणि त्यांनी ती ओढून घेतली. अ‍ॅपल, मायक्रोसॉफ्ट, पेपॅल अशा ३५ हून जास्त कंपन्या यात सापडल्या. त्याचा हेतू साफ होता, त्यामुळे त्याला बक्षिसं मिळाली. तीही १ लाख ३० हजार डॉलरहून जास्त!

गंमत म्हणजे सीपॅनवर याचं उत्तर कधीचंच होतं. 'लोकल' हे घराणं खासगी कोडसाठी राखीव, त्या नावाने बाहेर काही नोंदवायचंच नाही. एनपीएमवरही कंपनीच्या नावाची स्वतंत्र हद्द आखून घेता येते. जावाच्या मॅव्हन सेंट्रलवर तर वेब डोमेन तुमचंच आहे, हे आधी सिद्ध करावं लागतं.

किल्ली कुणाच्या हातात?

नोकरी बदलते, लग्न होतं, मुलं होतात. फुकटात सांभाळलेलं मॉड्यूल मागे पडतं. मग? २०१८ मध्ये एनपीएमवरच्या 'इव्हेंट-स्ट्रीम'चं हेच झालं. आठवड्याला सुमारे २० लाख डाउनलोड्स होणारं पॅकेज. मूळ लेखक ते वापरतही नव्हता. मदत करतो म्हणणाऱ्या एका अनोळखी माणसाला त्याने हक्क देऊन टाकले. त्याने आत एक विषारी तुकडा घुसवला, तो 'कोपे' या बिटकॉइन वॉलेटमधले पैसे लांबवण्यासाठी! नाव तेच, विश्वास तोच, फक्त घरमालक बदललेला.

सीपॅनवर निवृत्तीची रीतसर सोय आहे. सांभाळणं जमेनासं झालं की 'अडॉप्टमी' या खात्याला सह-हक्क देता येतो. म्हणजे दारावर 'दत्तक देणे आहे' अशी पाटी! पायपीआयवरही बेवारस नाव दुसऱ्याला देण्याचे नियम २०१८ पासून लिखित आहेत.

आणि आता एआयची भर

हल्ली कोड आपण कमी आणि एआय जास्त लिहितो. पण एआय कधीकधी अस्तित्वात नसलेल्या पॅकेजचं नाव छातीठोकपणे सांगतो. बार लान्याडो या संशोधकाने असंच एक हवेतलं नाव हेरून त्या नावाने पायपीआयवर रिकामं पॅकेज ठेवलं. तीन महिन्यांत ३० हजारांहून जास्त डाउनलोड्स! त्याच्या जागी भामटा असता तर? या प्रकाराला नावही पडलंय, 'स्लॉपस्क्वॉटिंग'. तेव्हा एआयने सुचवलेलं नाव मागवण्याआधी त्याचं पान उघडून बघा. किती जुनं आहे, कोण सांभाळतंय, मूळ कोड कुठे आहे? दोन मिनिटांचं काम आहे.

चौकट : अपलोडचं बटण दाबण्याआधी

• काम सांगणारं नाव घ्या. 'सुपर', 'इझी', 'बेस्ट' ही स्वतःची जाहिरात झाली.

• आधी शोधा. तेच काम करणारं मॉड्यूल असेल तर नवा संसार थाटण्यापेक्षा तिथेच हातभार लावा.

• नाव फोनवर कुणाला तरी सांगा आणि लिहायला लावा. स्पेलिंग चुकलं तर नाव बदला.

• कंपनीच्या किंवा ब्रँडच्या नावाशी जुळतंय का, तपासा. कोर्टकचेरी कुणाला हवीय?

• ऑफिसचं कोड ऑफिसच्या हद्दीतच ठेवा. आणि ते खुलं करायचं असेल तर बॉसची लेखी परवानगी घ्या.

• खात्याला टू-फॅक्टर लावा. पासवर्ड गेला की नावही गेलं.

• भरवशाचा दुसरा माणूस सह-देखभालीला आजच जोडून ठेवा.

• नाव अडवून ठेवू नका. कोड तयार नसेल तर नोंदणीही नको.

एवढं केलंत की खुशाल बारसं करा. नाहीतर लोक आहेतच नावं ठेवायला!