तारकर्लीतला कॉम्प्युटर आणि मिठाचा कण

कॉम्प्युटर जुळवून घ्यायचा म्हटलं की गप्पा प्रोसेसरपासून सुरू होतात. कुठल्या पिढीचा, किती कोअरचा, ग्राफिक कार्ड कोणतं टाकायचं. मुंबई-पुण्यात हा क्रम चालून जातो. तारकर्लीत सुरुवात मिठापासून करावी लागते. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. आणि देवबागकडे ती अशी निमुळती होत जाते की समुद्रापासून लांबचं घर असं उरतच नाही.

हे मीठ घरात शिरतं कसं, इथूनच नवल सुरू होतं. लाट फुटली की फेसात असंख्य बुडबुडे उठतात. बुडबुडा फुटताना त्याचा पातळ पापुद्रा फाटतो आणि खालच्या खळग्यातून पाण्याची बारीकशी चिळकांडी वर उडते. ते थेंब वारा उचलतो. वाटेत त्यातलं पाणी उडून जातं आणि मिठाचा कण उरतो, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. कौलांच्या फटींतून, खिडकीच्या जाळीतून तो आत येतो आणि कॅबिनेटचा पंखा त्याला ओढून नेमका मदरबोर्डवर आणून बसवतो.

कोरडा आहे तोवर तो बिचारा काही करत नाही. पण शुद्ध मिठाचा एक उंबरठा ठरलेला आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की कण हवेतली वाफ ओढून घेतो आणि विरघळून स्वतःच थेंब होतो. मृग लागला की स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ते यामुळेच. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि त्याचा उंबरठा तर ३३ टक्क्यांच्या आसपास, म्हणून खडेमीठ आणखी लवकर पाझरतं.

आता हाच थेंब मदरबोर्डवर सोल्डरच्या दोन टाक्यांच्या मधोमध बसलाय असं समजा. एका टाक्यावर ५ व्होल्ट, दुसऱ्यावर शून्य. खारं पाणी वीज वाहून नेतं. धन बाजूचा धातू अणू-अणूने विरघळतो, थेंबातून पोहत ऋण बाजूला जातो आणि तिथे पुन्हा धातू होऊन साचतो. साचता साचता त्याला फांद्या फुटतात, फांदीला फांदी, अगदी नेच्याच्या पानासारख्या, आणि त्या उलट दिशेने वाढत येतात. एक फांदी पलीकडच्या टाक्याला टेकली की शॉर्ट. भिंगाखाली ही नक्षी पाहिली तर बोर्ड मेल्याचं दुःख क्षणभर विसरायला होतं, इतकी ती देखणी असते.

मग किनाऱ्यावरचे सगळेच कॉम्प्युटर वर्षभरात का मरत नाहीत? कारण चालू यंत्र गरम असतं. बाहेर ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल आणि कॅबिनेटच्या आत ४० अंश, तर तीच हवा आत ४९ टक्क्यांच्या आसपास येते. पाणी कमी झालेलं नसतं, गरम हवेची वाफ सामावण्याची ताकद वाढलेली असते. मीठ पुन्हा कोरडं होतं. मॅग्नेशियमवालं तेवढं ओलं राहतं. म्हणून रोज वापरातलं यंत्र तगतं आणि पावसाळ्यात प्लास्टिकच्या कव्हराखाली झाकून ठेवलेलं सडतं. इथल्या होमस्टेंचा हंगाम मे अखेरीला संपतो, जून-जुलैत कोणी कॉम्प्युटरला हात लावत नाही, आणि चाकरमानी गणपतीला घरी येऊन बटण दाबतात तेव्हा पंखा फिरतो पण पडदा काळाच राहतो.

आणखी एक गंमत. ‘बंद’ केलेला डेस्कटॉप बंद नसतोच. भिंतीवरचं बटण चालू असेल तर एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा, मदरबोर्डला ५ व्होल्टचा एक बारीक प्रवाह सतत पुरवत असतो, समोरचं बटण दाबलेलं कळावं म्हणून. म्हणजे यंत्र थंड, मीठ ओलं आणि वीज हजर: धातूच्या फांद्यांना आणखी काय हवं? पावसाळ्यात काम झालं की भिंतीवरचं बटण बंद करा, आणि रोज तासभर यंत्र चालवा. जमणारच नसेल तर सुटे भाग काढून सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

सुट्या भागांकडे येऊ. यात महागडा प्रोसेसर सगळ्यात सुरक्षित, ही मोठी मजेशीर बाब. त्याचं सिलिकॉन इतकं शुद्ध असावं लागतं की अब्ज अणूंमागे परका अणू एखादाच. (सिलिका वाळूच्या खाणी सिंधुदुर्गातही आहेत, कासार्ड्याला, पण ती वाळू काचेच्या आणि ओतकामाच्या कारखान्यांत जाते.) अब्जावधी ट्रान्झिस्टर कवचात बंद असतात, मीठ तिथवर पोहोचत नाही. बाहेर दिसतात ते फक्त संपर्कबिंदू, एएम५ सॉकेटच्या प्रोसेसरला १,७१८, आणि त्यांना सोन्याचा मुलामा.

रॅमच्या पट्टीवरचे सोनेरी दातही खऱ्या सोन्याचेच. सोनं गंजत नाही, पण इथे तो थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो, खाली निकेल, त्याखाली तांबं. थराला बारीकसं छिद्र पडलं की मीठ तिथून आत घुसतं. यंत्र सुरू होत नसलं की ‘रॅम काढून घासून लाव’ म्हणत खोडरबर फिरवायची आपल्याकडे जुनी रीत आहे. यंत्र सुरूही होतं. पण प्रत्येक घासण्यात सोनं झिजतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेलं स्वच्छ कापड पुरतं.

खरा पैसा घालायचा तो एसएमपीएसवर. दुकानदार कॅबिनेटबरोबर ‘फ्री’ देतो तो नको. भिंतीतली वीज सेकंदाला ५० फेरे मारते, म्हणजे एका फेऱ्याला २० मिलिसेकंद. वीज गेल्यावर चांगला एसएमपीएस आपल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये साठवलेल्या विजेवर साधारण १६-१७ मिलिसेकंद यंत्र चालू ठेवतो. तेवढ्यात यूपीएसने भार उचलला पाहिजे, आणि तो बहुधा १० मिलिसेकंदांच्या आत उचलतो. घरच्या इन्व्हर्टरला मागे एक छोटा खटका असतो, ‘नॉर्मल’ आणि ‘यूपीएस’. नॉर्मलवर तो सावकाश बदलतो. पंख्याला चालतं, कॉम्प्युटर मात्र टपकन बंद पडतो. लाखाची वस्तू घेतलेले लोकही तो खटका पाहत नाहीत.

प्लग तीन पिनांचा आहे म्हणून अर्थिंग आहे असं समजू नका. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात? एसएमपीएसच्या गाळणीतले कपॅसिटर पत्र्याला विजेच्या साधारण निम्म्या दाबावर तरंगत ठेवतात. प्रवाह नगण्य असतो, पण तो जमिनीत जायला हवा आणि जात नाहीये, एवढं निदान त्यातून होतं. अर्थिंगच्या खड्ड्यात आपल्याकडे पूर्वापार कोळसा आणि मीठ घालतात. बोर्डाचा वैरी तो जमिनीखाली मित्र: तिथे पाणी धरून ठेवणं आणि वीज वाहून नेणं हेच त्याचं काम. कोरडी वाळू वीज नीट वाहत नाही, त्यामुळे किनाऱ्यावरच्या घराने एप्रिल-मेमध्ये, वळवाच्या विजा कडाडायच्या आधी, खड्ड्यात पाणी घालायलाच हवं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने मालवण तालुक्यात विजेचे खांब आडवे केले, गावं कित्येक दिवस अंधारात होती. असं काही झालं की वायरमन लाइन जोडून देईपर्यंत प्लग भिंतीतून काढूनच ठेवावा. वीज परत येताना दाब उसळू शकतो.

बाकी निवड यातूनच ठरते. हवा जितकी कमी ओढायची तितकं मीठ कमी, म्हणून ६५ वॅटचा, अंगचं ग्राफिक असलेला प्रोसेसर घ्यावा. इंटेलच्या नावाअखेर ‘एफ’ असेल तर ते ग्राफिक नसतं, हे दुकानातच पाहा. गेम खेळायचे नसतील तर ग्राफिक कार्ड आणि त्याचे पंखे वगळावेत. चारही बाजूंनी जाळीचं, रंगीत दिव्यांचं कॅबिनेट इथे नको. पुढे धुता येणारी गाळणी असलेलं साधं घ्या. फटी बुजवा, पालींना आणि मुंग्यांनाही ऊबदार जागा आवडते.

साठवणीसाठी एसएसडी. नेहमीच्या हार्ड डिस्कला आतबाहेरचा हवेचा दाब सारखा राहावा म्हणून गाळणी लावलेलं एक भोक असतं आणि आत वाचणारं टोक तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. एसएसडीत फिरणारं काहीच नाही.

पैसे कमी पडले तर प्रोसेसर एक पायरी खालचा घ्या, यूपीएस आणि अर्थिंग कापू नका. आणि खरेदी कुडाळात करा, कोल्हापुरात करा नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, बिल भरण्यापूर्वी वॉरंटीची बारीक अक्षरं तिथेच उभं राहून वाचा. गंज बहुतेक कंपन्यांनी त्यातून वगळलेला असतो.