शेतातला सोबती, बेटावरचा काळ

मृगाचा दमदार पाऊस झाला की खानदेशात तापी, गिरणा, पांझरेच्या काठच्या शेतांत साचलेल्या पाण्यावर वीतभर लांबीचे बेडूक जमतात. एरवी हिरवट-तपकिरी दिसणारे नर तेवढ्यापुरते हळदीसारखे पिवळेधमक होतात आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंचे निळेशार फुगे फुगवत, डरांव डरांव करत माद्यांना बोलावतात. हा भारतीय बैलबेडूक, होप्लोबॅट्रॅकस टायगरिनस. किडे, खेकडे, उंदराची पिल्लं, तोंडात मावेल ते गिळणारा. त्याच्या तंगड्यांची निर्यात भारताने १९८७ मध्ये बंद केली, ते फार चांगलं झालं.

अंदमानात मात्र हाच बेडूक परका आहे. तो तिथे पोहोचला या शतकाच्या सुरुवातीला, बहुधा मुख्य भूमीवरून नेलेल्या मत्स्यबीजात मिसळून. तळ्यात बोटुकली सोडली, तिच्यासोबत बेडूकमासेही सुटले. आता लोक सांगतात, तो कोंबडीची पिल्लंही उचलतो.

अंदमानचे काही बेडूक जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. ब्लिथोफ्रायने बेरयेट या इंचभर भेकाची शास्त्रीय नोंद २०१६ मध्ये झाली. तो दिवसा पालापाचोळ्यात फिरतो, रात्र झुडपाच्या पानावर काढतो. कलौला घोषी हाही फक्त तिथलाच. त्याच्या बेडूकमाशांना चावायला कठीण जबडेच नसतात. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म कण गाळून ते पोट भरतात. बैलबेडकाचे बेडूकमासे पक्के शिकारी, भावंडांनाही न सोडणारे. नित्य प्रकाश मोहंती आणि जॉन मीझी या संशोधकांनी दोन्हींचे बेडूकमासे एकत्र ठेवून पाहिले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात स्थानिक बेडकांचं एकही पिल्लू वाचलं नाही.

खानदेशातही बैलबेडूक लहान बेडकांना खातोच. पण एका डबक्यातले संपले तरी पलीकडच्या नाल्यातून, शेजारच्या शिवारातून नवे येतात. घोषीला शेजारचं शिवारच नाही. चहूकडे खारं पाणी, आणि बेडकाच्या पातळ कातडीला ते सोसत नाही.

आता काळजी निकोबारची आहे. तिथेही फक्त त्या बेटांवरच आढळणारे जीव आहेत. बैलबेडूक समुद्र पोहून जाणार नाही, त्याला माणूसच नेईल. बोटुकलीच्या पिशवीत गोल डोक्याचा, लांब शेपटीचा बेडूकमासा नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतो. जहाजावर चढणारी अशी प्रत्येक पिशवी तपासणं सक्तीचं व्हायला हवं, आणि तेही बैलबेडूक निकोबारला पोहोचण्याआधी.