हक्क, बहुमत आणि समलिंगी विवाह

मागच्या व्याख्यानात आपण हक्क आणि बहुमत यांचा संबंध पाहिला. आज तोच प्रश्न एका उदाहरणावर घासून बघू. उदाहरण अमेरिकेचं. तिथं विवाहाचा कायदा मुख्यतः राज्यांच्या हातात असतो, त्यामुळे एकाच प्रश्नावर ठिकठिकाणच्या लोकांनी काय केलं, हे आपल्याला शेजारी-शेजारी ठेवून पाहता येतं.

17 मे 2004 रोजी मॅसॅच्युसेट्समध्ये समलिंगी विवाह सुरू झाले, ते न्यायालयाच्या निकालामुळे. त्याच नोव्हेंबरात 11 राज्यांतल्या मतदारांनी असे विवाह रोखणाऱ्या घटनादुरुस्त्या मंजूर केल्या. आयोवात 2009 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं मान्यता दिली. पुढच्याच वर्षी त्यातले तीन न्यायमूर्ती मतदारांपुढे आले आणि तिघांचीही पदं गेली. निकाल मात्र टिकला.

यावर काही जण म्हणतात, न्यायालयांनी घाई केली, आधी लोकांचं मन वळायला हवं होतं. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. लोकशाहीत कायद्याला लोकांची संमती लागतेच. पण आता मेन राज्याकडे बघा. तिथं 2009 साली कायदा केला तो विधिमंडळानं, न्यायालयानं नव्हे. तरीही लोकांनी सार्वमतात तो रद्द केला. म्हणजे राग केवळ न्यायालयावर नव्हता. मग समर्थक घरोघरी गेले, लोकांशी बोलत राहिले, आणि 2012 मध्ये त्याच राज्यानं सार्वमतानंच हे विवाह मान्य केले.

इथं आपल्याला दोन प्रश्न वेगळे करावे लागतात. समाज एखादी गोष्ट केव्हा स्वीकारतो, हा एक. ती न्याय्य आहे की नाही, हा दुसरा. मेनमधल्या जोडप्यांची मागणी 2009 मध्ये अन्याय्य होती आणि 2012 मध्ये न्याय्य झाली, असं आपण म्हणू का? मागणी तीच होती. बदलली ती मतांची बेरीज. आणि त्या तीन वर्षांत ज्याचा जोडीदार गेला असेल, त्याला नंतरच्या बहुमताचा काय उपयोग?

26 जून 2015 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 5 विरुद्ध 4 मतांनी हा हक्क देशभर लागू केला. आपल्याकडे 17 ऑक्टोबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयानं हा विषय संसदेवर सोपवला. संवाद हवाच, तो मेननं दाखवून दिला. पण संवाद संपेपर्यंत थांबायचं कुणी, हे ठरवताना जे थांबणार आहेत त्यांना आपण विचारतो का?