ढगातील भोवरा आणि नागपूरचे रडार

दिनांक ११ फेब्रुवारी २०१८ रोजी वाशिम जिल्ह्यात गारपीट झाली. रिसोड तालुक्यात ऐन रब्बीचा गहू व हरभरा झोडपला गेला. असा गारांचा ढग आणि नुसता गडगडून निघून जाणारा ढग शेतातून पाहिल्यास सारखेच काळे दिसतात. त्यांतील भेद ओळखण्याचे एक साधन म्हणजे डॉपलर रडार होय. भारतीय हवामान विभागाचे असे रडार नागपूर येथे आहे.

रडार आकाशात रेडिओलहरी सोडते. ढगातील थेंब व गारा यांवर आपटून त्या परत येतात व त्यावरून ढग कोठे आहे आणि त्यात पाणी किती आहे हे समजते. डॉपलर रडार याहून एक गोष्ट अधिक सांगते. वाशिम स्टेशनात येणाऱ्या गाडीची शिटी चढ्या सुरात ऐकू येते व गाडी पुढे निघून जाताच तीच शिटी उतरते. या नियमाची मांडणी ऑस्ट्रियातील शास्त्रज्ञ डॉपलर यांनी १८४२ साली केली. रडारकडे येणाऱ्या थेंबांवरून परतलेली लहर अशीच किंचित चढी असते, दूर जाणाऱ्या थेंबांवरून आलेली उतरती. पडद्यावर येणारा वारा सामान्यतः हिरव्या व जाणारा वारा तांबड्या रंगात दाखवितात.

आता जुन्या खळ्याची आठवण करावी. तिवड्याभोवती बैलांची पात फिरत असता खळ्याबाहेर उभ्या असलेल्या माणसास ती एका बाजूने आपल्याकडे येताना व दुसऱ्या बाजूने दूर जाताना दिसते. ढगाचेही तसेच आहे. हिरवा व तांबडा ठिपका अगदी शेजारी शेजारी उमटला आणि काही मिनिटे टिकला, तर तेथे हवा गरगरत आहे असे समजावे.

ढग फिरतो का? जमिनीलगतचा वारा मंद व वरचा वारा निराळ्या दिशेने वेगवान असला, म्हणजे मधली हवा लाटण्यासारखी आडवी लोळू लागते. ढगात वर चढणारा उष्ण हवेचा झोत तिला उभी करतो. असा ढग दीर्घकाळ टिकतो आणि मोठ्या गारा तोलून धरतो. क्वचित त्यातून सोंडेसारखा टॉर्नेडो जमिनीपर्यंत उतरतो. अमेरिकेत ओक्लाहोमातील युनियन सिटी येथे २४ मे १९७३ रोजी आलेल्या टॉर्नेडोचा भोवरा तो जमिनीस टेकण्यापूर्वी वीसहून अधिक मिनिटे ढगात फिरत होता, हे रडारच्या नोंदी तपासताना आढळले. आपल्याकडे ३१ मार्च २०२४ रोजी जलपायगुडी जिल्ह्यात टॉर्नेडोने प्राणहानी केली. विदर्भात मात्र खरे भय गारांचे व सोसाट्याच्या वाऱ्याचे आहे. उन्हात उठणारी धुळीची वावटळ ही निराळीच. तिचा ढगाशी संबंध नसतो.

नागपूरहून वाशिम सरळ रेषेत सुमारे २३५ किलोमीटर आहे. रडारचा सर्वांत खालचा झोत जमिनीपासून जेमतेम अर्धा अंश वर रोखलेला असतो. तथापि पृथ्वीच्या गोलाईमुळे तो कारंज्यावर सुमारे साडेतीन व वाशिमवर पाच किलोमीटरहून अधिक उंचीवर पोचतो. त्याखाली काय घडते ते त्यास दिसत नाही. शिवाय वाऱ्याचा वेग अशा रडारास सामान्यतः २५० किलोमीटरपर्यंतच मोजता येतो, आणि रिसोड त्याही पलीकडे आहे. म्हणजे ज्या तालुक्यात गारा पडल्या, तोच या नजरेच्या कडेबाहेर राहतो. पश्चिमेकडून येणाऱ्या ढगाबाबत ही उणीव विशेष जाणवते.

नागपूरचे प्रादेशिक हवामान केंद्र पुढील तीन तासांपुरता जिल्हावार इशारा देते. फेब्रुवारी-मार्चमध्ये शिजवलेली हळद अंगणात पसरलेली असते. ती भिजली की रंग जातो व भावही. एवढ्या अवधीत हळद गोळा करून ताडपत्रीखाली घेता येते, जनावरे झाडाखालून सोडवून गोठ्यात नेता येतात. ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी इशारा मिळताच तो वाड्यावस्त्यांवर पोचवावा. रिसोडकडील मंडळींनी मात्र इशारा आला नाही म्हणून निर्धास्त न राहता पश्चिमेच्या आभाळाकडेही पाहावे.