पाटी घ्यावी पारखून

कपाट भरलं, माळा भरला, पलंगाखालचे खोकेही भरले, की घरातलं कुणीतरी सुचवतं, ‘‘आता एक ई-रीडर घेऊन टाक ना!’’ दुकानात जावं तर सगळ्या पाट्या सारख्याच, काळ्या-करड्या. मग निवडायची कशी? त्यासाठी या काही गमती. त्यातल्या बऱ्याच खरेदीच्या वेळी कामाला येतील, उरलेल्या गप्पांत खपतील.

दप्तराचं ओझं, साल १९४९
ई-बुकची कल्पना संगणकवाल्यांआधी एका बाईंना सुचली होती. स्पेनमधल्या शिक्षिका आंखेला रुईस रोब्लेस यांना मुलांचं दप्तर हलकं करायचं होतं. त्यांनी १९४९ मध्ये ‘यांत्रिक विश्वकोशा’चं पेटंट घेतलं. एका पेटीत गुंडाळ्या बसवायच्या, विषय बदलला की गुंडाळी बदलायची. ते यंत्र बाजारात काही आलं नाही. दप्तराचं ओझं मात्र आपल्याकडे अजून चर्चेत आहे.

कुपीत काळं-पांढरं
ई-रीडरचा पडदा ई-इंकचा, म्हणजे विजेवर चालणाऱ्या शाईचा. त्याच्याआड केसाच्या जाडीच्या असंख्य कुप्या असतात. प्रत्येकीत पांढरे आणि काळे कण, एकमेकांच्या उलट विद्युतभाराचे. वीज दिली की हवे ते कण वर येतात आणि तिथेच बसून राहतात. पाटी बंद केली तरी चित्र हलत नाही ते म्हणूनच. वीज लागते ती पान उलटताना. मधूनच पडदा क्षणभर काळा होऊन लखकन उजळतो. घाबरू नका, मागच्या पानाची पुसट सावली झाडण्याचा तो उद्योग असतो. भर उन्हात गॅलरीत बसून कादंबरी वाचणाऱ्यांसाठी ही पाटी उत्तम; व्हिडिओ बघायचे असतील तर सरळ टॅबलेट घ्या.

‘आठवड्यां’चं गणित
खोक्यावर लिहिलेलं असतं, बॅटरी दहा आठवडे चालेल. खाली बारीक अक्षरात अट असते : रोज अर्धा तास वाचन, वाय-फाय बंद, उजेड मध्यम. म्हणजे झाले ३५ तास. रोज तीन तास वाचणाऱ्याची पाटी बाराव्या दिवशी चार्जर मागेल. तरी मोबाइलपेक्षा बरीच!

आधी पुस्तक, मग मोटार
१९९८ मध्ये अमेरिकेत ‘रॉकेट ई-बुक’ नावाचं वाचनयंत्र आलं. ते काढणारे मार्टिन एबरहार्ड आणि मार्क टार्पेनिंग यांनी ती कंपनी विकली आणि २००३ मध्ये दुसरी काढली. तिचं नाव टेस्ला.

घेतलं, पण आपलं झालं का?
२००४ मध्ये सोनीने जपानमध्ये ‘लिब्रिए’ आणलं, ई-इंकचा पडदा असलेलं बाजारातलं पहिलं यंत्र. पडदा सुरेख, पण त्यावरची पुस्तकं ६० दिवसांत मिटायची. वाचनालयाची मुदत परवडली! २००९ च्या जुलैमध्ये त्याहून भारी प्रकार घडला. एका विक्रेत्याकडे हक्क नसल्याचं कळल्यावर अॅमेझॉनने ग्राहकांच्या किंडलमधून, म्हणजे आपल्याच ई-रीडरमधून, विकलेलं पुस्तक परस्पर काढून घेतलं. पैसे परत दिले, पुढे माफीही मागितली. पुस्तक होतं जॉर्ज ऑर्वेलचं ‘१९८४’, जिथे सरकार नको ते कागद नाहीसे करतं. तेव्हा पाटी घेताना एक प्रश्न जरूर विचारा : विकत घेतलेल्या पुस्तकाची प्रत मला स्वतःजवळ ठेवता येईल का?

अक्षरांची उलटापालट
‘कोबो’ या ई-रीडरचं नाव ‘बुक’ या शब्दाच्या इंग्रजी अक्षरांची जागा बदलून बनलंय. कोबो ‘ईपब’ हा खुला प्रकार थेट वाचतो. किंडलचा संसार वेगळा. ईपब फाइल त्याच्याकडे पाठवली की अॅमेझॉन ती आपल्या साच्यात घालून देतं, आणि ही सोयसुद्धा २०२२ मधली. थोडक्यात, पाटीसोबत दुकानही घरी येतं. कोणत्या दुकानाशी संसार थाटायचा ते आधी ठरवा.

समुद्रात तीन मिनिटं
जलरोधक किंडल गोड्या पाण्यात दोन मीटर खोल तासभर टिकतं, असं कंपनी सांगते. समुद्राच्या पाण्यात? पाव मीटर, तीन मिनिटं. अलिबागला पाटी नेलीत तर वाळूवर बसूनच वाचा. आणि पडद्यावर पावसाचे थेंब पडले तर पानं आपोआप उलटू शकतात. लोकलमध्ये एका हाताने कडी धरून वाचणाऱ्यांनीही पान उलटायला बटण असलेलं यंत्र मिळतंय का ते बघावं.

रंग चढला, बारकावा उतरला
सध्याच्या बहुतेक रंगीत ई-इंक पडद्यांवर काळी अक्षरं इंचाला ३०० ठिपक्यांची, पण रंगीत चित्रं १५० ची. रंगही वर्तमानपत्राच्या पुरवणीसारखे फिकट. मुलांच्या चित्रकथांना चालतील. नुसत्या कादंबऱ्या वाचणाऱ्याने रंगाचे पैसे कशाला मोजायचे?

पुस्तकांचं वजन
भरलेली पाटी रिकामीपेक्षा जड असते का? असते! कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन कुबियाटोविच यांनी २०११ मध्ये हिशेब मांडला. चार जीबीचं यंत्र पुस्तकांनी ठासून भरलं, तर वजन वाढतं एका ग्रॅमच्या एक अब्जांशाच्या एक अब्जांशाइतकं. आता माळ्यावरचे खोके आठवा.

फुकट, पण हक्काचं
भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तक सर्वांचं होतं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून ‘श्यामची आई’ २०११ पासून मोकळी. गडकरी आणि ह. ना. आपटे तर कधीचेच मोकळे. आचार्य अत्र्यांसाठी २०३० ची वाट बघा, पु. लं.साठी २०६१ ची. तोवर व्हॉट्सअॅपवर फिरणारं ‘समग्र पु. ल.’ म्हणजे चोरीचा माल. राजीखुशीने फुकट मिळणारं हवं असेल तर ई साहित्य प्रतिष्ठानकडे लेखकांनी दिलेल्या पुस्तकांची रांग आहे.

सहा इंचात ए-फोर
मराठीत अजून पीडीएफचा बोलबाला आहे, आणि खरी गोची तिथेच. ए-फोर पान सहा इंची पडद्यावर मावेपर्यंत १२ पॉइंटचं अक्षर पाचचं होतं, औषधाच्या खोक्यातल्या चिठ्ठीसारखं. पीडीएफच जास्त वाचत असाल तर दहा इंची पडदा बघा. मी एकदा शहाणपणा केला : जुन्या फाँटमधली पीडीएफ ईपबमध्ये बदलली. पहिल्याच पानावर वेलांट्या शब्द सोडून पळालेल्या, रफार भलत्याच्याच डोक्यावर, आणि विठ्ठलाच्या पोटात एक रिकामा चौकोन. युनिकोडमधलं पुस्तक असतं तर हे झालं नसतं. किंडलच्या दुकानात मराठी पुस्तकं डिसेंबर २०१६ मध्ये आली, हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळमबरोबर. ती मात्र नीट दिसतात, अक्षरही हवं तेवढं मोठं होतं.

तेव्हा घरून निघतानाच शेवटची वाचलेली पाच पुस्तकं कागदावर लिहा आणि ती कोणत्या दुकानात, कोणत्या प्रकारात मिळतात ते बघा. निम्मी निवड तिथेच होते. उरलेली काउंटरवर करा : विक्रेत्याला एखादं मराठी पुस्तक उघडायला लावा, अक्षर मोठं करा आणि ‘विठ्ठल’ शोधा. तो धड उभा असेल, तर पाकीट काढायला हरकत नाही.